त्रेपन्न घरांची कॉफी

ट्रक आला तो ओलाच. चैत्राचं ऊन डोक्यावर तापत असताना तो द्रोणागिरीच्या गोदामापुढे उभा राहिला, हमालांनी मागची फळी पाडली आणि आतून आंबूस, कोंदट वास आला. वाटेत कुठल्याशा घाटात अवकाळी पावसाने गाठलं होतं. ताडपत्री एका कडेने फाटलेली. ऐंशी गोणींतल्या निम्म्या भिजून काळपट पडल्या होत्या.

ड्रायव्हरच्या शेजारून एक बुटका माणूस उतरला. अंगातला पांढरा शर्ट भिजून अंगावरच वाळलेला. त्याने कुणाला काही विचारलं नाही. सरळ एका गोणीचं तोंड उसवलं, मूठभर बिया काढल्या, नाकाशी नेल्या आणि तसाच उभा राहिला.

"कोन मेलं गो याचं?" वेणू भामाच्या कानाशी म्हणाली.

"गप," भामा म्हणाली. ती त्या माणसाच्या मुठीकडे बघत होती. मुठीतली एकही बी त्याने खाली पडू दिली नव्हती.

गोदामात तेव्हा बारा बायका होत्या. आजूबाजूच्या गावांतल्या, आगऱ्यांच्या आणि दोघी करंजाच्या कोळ्यांच्या. कधी डाळ, कधी तीळ, कधी काजू, जो माल बोटीला लागायच्या आधी निवडायचा असेल तो निवडायचा. भामा त्यांच्यात जुनी. तिचं अर्धं आयुष्य मिठागरात गेलं होतं. नवरा तुळशीराम फावड्याने मीठ ओढायचा आणि ती टोपल्या वाहायची. मिठागरावर भराव पडला, त्यावर रस्ता आला, आणि रस्त्याच्या कडेला हे गोदाम. तुळशीराम आता घरीच असायचा. मिठाने त्याच्या पायांची कातडी चामड्यासारखी झाली होती आणि भेगांतून अजून पाणी यायचं.

गोदामाचा कारभार उदयसिंह बघायचा. माणूस तोंडाचा वाईट नव्हता. चढा आवाज क्वचित काढायचा. त्याने बायकांना गोळा केलं.

"हा माल साधा नाही," तो म्हणाला. "ऑरगॅनिक कॉफी आहे. ओरिसाच्या डोंगरातल्या आदिवासींची. युरोपात जायची आहे. सुकवायची, काळी बी, फुटकी बी, बुरशीची बी वेगळी काढायची, परत गोणी भरायच्या. याला कुठलं औषध लागता कामा नये. हात साबणाने धुऊन बसायचं. तंबाखू, मिश्री काही नाही."

"मिश्री पन नाय?" वेणूने विचारलं, आणि बायका हसल्या.

तो बुटका माणूस हसला नाही. त्याचं नाव सुकरा खोरा. त्रेपन्न घरांनी मिळून केलेल्या संघाने त्याला मालाबरोबर पाठवलं होतं, कारण आधीच्या वर्षी वाटेत चांगल्या गोणी काढून कुणी हलक्या घातल्या होत्या. माल बोटीवर चढेपर्यंत थांब, असं त्याला सांगितलं होतं. पण त्या ओल्या गोणी बघून तो नुसता थांबणार कसला. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका आल्या तर हा ताडपत्रीवर उकिडवा बसून बिया पसरत होता.

नऊ दिवस तो त्यांच्यात बसला. पत्र्याखाली अंग भाजून निघायचं. बाहेर ट्रेलरांची रांग, त्यांचा धूर, आणि दुपारी खाडीवरून येणारा चिखलाचा वास. कंबर धरायची, गुडघे वळायचे नाहीत. सुकराला हिंदी मोडकीच येत होती आणि बायकांची त्याहून मोडकी, त्यामुळे जमून गेलं. बी सुकली की नाही ते दाताने कसं ओळखायचं, हे त्याने दाखवलं. दात रुतला तर ओली, टक्‌ वाजला तर सुकी. भामाने पहिली बी चावली आणि थुंकली.

"याचा काय पितात वो लोक? करू जहर हाय."

"हम भी नहीं पीता," सुकरा म्हणाला. "हम मंडिया पीता है, रागी का पेज. ये साहब लोग पीता है."

प्रत्येक गोणीला कोळशाने आकडा घातला होता. आकडा बघून तो घर सांगायचा. हे टेकडीवरचं घर, झाडं थोडीच, पण सावली चांगली. हे विधवेचं, लाल झालेली तेवढीच फळं तोडते, हिरव्याला हात लावत नाही. भामाला तांदूळ निवडायची सवय होती, पण कुठला दाणा कुठल्या बाईने तोडला हे सांगणारा माणूस तिने पाहिला नव्हता.

एकदा तिने विचारलं, दवा मारली नाही की हे गोरे लोक चार पैसे जास्त देतात म्हणून तुम्ही मारत नाही, खरं ना?

सुकराने होकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, सही करून दिली आहे. झाडालाच नाही, गावात कशालाच नाही. घरात ढेकूण झाले तरी नाही. पोरांच्या पाठी फोडल्या ढेकणांनी, पण दवा नाही. एका घराने मारली तर त्रेपन्न घरांचा कागद जातो. तीन वर्षं लागली कागद मिळायला. एवढं सगळं त्याने बोटांनी आणि हिंदीने सांगितलं आणि परत सुपाकडे वळला.

दहाव्या दिवशी शेवटची गोण शिवली. बोटीची तारीख पुढे गेल्याचं कळलं. दोन आठवडे, कदाचित तीन. तिकडे त्याच्या घरी नांगरट खोळंबली होती. संघाचा फोन आला, निघून ये. जाताना तो सगळ्या बायकांना नमस्कार करून भामापाशी थांबला.

"बहन, देखना."

"बगते," भामा म्हणाली. "तू जा बिनघोर."

*

शेड नंबर एकमध्ये एका अंगाला कॉफी होती आणि दुसऱ्या अंगाला बाहेरून आलेल्या हरभऱ्याची थप्पी. हरभऱ्याला टोके लागले. आधी दोन-चार दिसले, मग गोणींवरून ओळीने चालायला लागले, मग बायकांच्या मानेवर, डब्यात. उदयसिंहने दोन दिवस कपाळ चोळलं. दुसरी शेड भरलेली होती. कॉफी हलवायची तर क्रेन, मजूर, जागा, सगळंच हवं. हरभऱ्याच्या मालकाचे फोन चालू होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी पंपवाले दोघे आले. पाठीवर निळे पंप.

"बायांनो, तासभर बाहेर बसा," उदयसिंह म्हणाला.

भामा उठली नाही. "सायेब, कापी हाय ना हितं."

"ताडपत्री आहे तिच्यावर."

"ती कोपऱ्यावं पुरत नाय."

"भामाबाई, दहा मिनिटांचं काम आहे. औषध हरभऱ्यावर मारायचंय, कॉफीवर नाही."

तो फोन घेत बाहेर गेला. भामाने ताडपत्रीचं टोक धरून ओढलं. या बाजूने झाकलं की त्या बाजूच्या आठ-दहा गोणी उघड्या पडत. वेणूला हाक मारली. दोघींनी दोन टोकं ताणली, पाय रोवले, कापड कडकडलं पण लांबलं नाही. पंपवाल्याने पिस्टन मारायला सुरुवात केली होती.

"मावशी, सरका की! अंगावर येईल."

"आरं थांब, तिकरं उघरं हाय!"

"सायबांनी सांगितलंय दहा मिनिटं."

पांढरट फवारा उंच उडाला आणि पंख्याच्या वाऱ्याने सगळ्या शेडभर झाला. रॉकेल आणि सडका लसूण एकत्र करावा तसा वास. भामाचे डोळे क्षणात पेटले. ती ताडपत्रीचं टोक धरूनच बाहेर येऊ बघत होती, शेवटी सोडलं. वेणू दाराशी येऊन मटकन बसली, तिच्या तोंडाला फेसासारखी लाळ आली. तिला टेम्पोत घालून पनवेलच्या एका दवाखान्यात नेलं. उन्हाचा त्रास, असं तिथे सांगितलं गेलं. तासाभराने बाकीच्या बायकांना परत आत बसवलं. जमीन अजून ओली होती.

घरी आल्यावर तुळशीरामने भामाचे डोळे धुतले. मिठाचं पाणी डोळ्यांत गेलं की काय करायचं, हे त्याला आयुष्यभर ठाऊक. तांब्या धरून हळूहळू पाणी सोडत राहिला.

"काय मारलं?"

"दवा. त्या कापीवं पन गेली."

प्राची आतल्या खोलीत केस विंचरत होती. ती थांबली. भामाची ही एकुलती मुलगी, बी.कॉम. झालेली, आठ महिन्यांपासून त्याच गोदामाच्या ऑफिसात. आवकजावक, रजिस्टर, कॉम्प्युटर, सगळं तिच्याकडे. गणपतीनंतर कायम करतो, असं उदयसिंहने सांगितलं होतं. आईला ऑफिसात ती भामाबाई म्हणायची, सगळेच तसं म्हणायचे म्हणून. भामाला त्याचं काही वाटत नव्हतं. निदान तसं ती म्हणायची.

"प्राची, तुजे वहीत लिवलंस का गो आजचं?"

"लिहिलं."

"काय?"

प्राची कंगव्यातले केस काढत राहिली. "फवारणी, शेड दोन."

तुळशीरामच्या हातातल्या तांब्याची धार थांबली.

"शेर दोन?" भामा म्हणाली. "आमी एकात बसतू ना."

"मना काय म्हाईत नाय का आई, तुमी कुठं बसता? सर बोलले दोन लिही. मी दोन लिहिलं. सही माझी हाय." ती एकदम घरच्या बोलीवर आली होती. "तू आता बाहेर कुठं बोलू नकोस. सही माझी हाय."

*

तपासणीच्या दिवशी सकाळी बायकांना निळे एप्रन, तोंडाला बांधायच्या पट्ट्या आणि रबरी मोजे वाटले. नखं बघितली. रमाबाईच्या नखांत मिश्री होती, तिला ब्रशने घासायला पाठवलं, साठीच्या बाईला शाळेतल्या पोरीसारखं. पाण्याचा नवा पिंप आला. हरभरा केव्हाच गेला होता आणि शेड एक धुऊन स्वच्छ केली होती.

सुनीता मॅडम पुण्याहून, सेंद्रियचा कागद देणाऱ्या संस्थेकडून आल्या. चाळिशीच्या, साध्या सुती ड्रेसमध्ये, पायांत सँडल. चेहरा दमलेला पण भला. त्यांनी गोणींवरचे आकडे तपासले, पावत्या तपासल्या, एका पोकळ नळीने चार गोणींतून बिया काढून पिशव्यांत भरल्या. त्या चारही त्या दिवशी ताडपत्रीखाली राहिलेल्यांतल्या होत्या. मग म्हणाल्या, कामगारांशी एकेकटं बोलायचं आहे, साहेबांनी थांबू नये. उदयसिंह हसत बाजूला झाला.

"लिहून घ्यायला कोणी आहे का? माझ्या हाताला प्लास्टर घातलं होतं, अजून धड चालत नाही."

"आमच्या प्राचीला घ्या," उदयसिंह दारातून म्हणाला.

भामाचा नंबर चौथा. ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. समोर सुनीता मॅडम आणि त्यांच्या शेजारी फॉर्म पुढे घेऊन तिची लेक.

"नाव?"

"भामा तुळशीराम."

प्राचीने लिहिलं. मान वर केली नाही.

"काकी, घाबरू नका. इथे प्यायचं पाणी असतं?"

"असतं."

"मोजे, पट्ट्या रोज देतात?"

भामाने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मोज्यांत बोटं घामाने भिजली होती. "देतात."

"हा माल सेंद्रिय आहे. म्हणजे काय, सांगितलंय तुम्हाला?"

"म्हंजे दवा मारायची नाय. कशालाच नाय. घरान ढेकनांना पन नाय."

सुनीता मॅडम हसल्या. "वा! कोणी सांगितलं हे?"

"तिकरचा मानूस आयला होता. नऊ दिस बसला आमचे बरोबर."

"छान. मग आता हे नीट आठवून सांगा. हा माल इथे आल्यापासून या शेडमध्ये कुठली फवारणी, धुरी, काही झालंय?"

बाहेर ट्रेलर मागे घेताना वाजतो तसा टींटीं आवाज येत होता. प्राचीचं पेन कागदाला टेकलेलं होतं. टेकलेल्या जागी शाईचा ठिपका मोठा होत चालला होता. भामाला तो ठिपका दिसत होता, लेकीच्या ओठावरचा घाम दिसत होता. सुनीता मॅडमचा चेहरा चांगला होता. या बाईला सांगितलं तर ही ओरडणार नाही, हे भामाला कळत होतं. त्यामुळेच जास्त कठीण झालं.

"काकी?"

"नाय," भामा म्हणाली.

"नक्की?"

"नाय झालं काय."

प्राचीने लिहिलं आणि फॉर्म आईकडे वळवला. भामाला नावापुरती सही येत होती, साक्षरतेच्या वर्गात शिकलेली. तिने जपून, एकेक अक्षर जोडत सही केली. मग मॅडमनी तिच्या ओंजळीत बिया देऊन हातांचा फोटो घेतला. खरेदीवाल्यांना आवडतात असे फोटो, म्हणाल्या. मोजे त्यासाठी काढायला लावले.

संध्याकाळी एप्रन, मोजे, पट्ट्या मोजून परत घेतल्या. चौथ्या दिवशी माल बोटीवर चढला.

*

गणपती झाले. प्राची कायम झाली. तुळशीरामने आळीत पेढे वाटले, भेगाळल्या पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून घरोघर फिरला. वेणूला डोकेदुखी लागली ती लागलीच. ती कामावर यायची थांबली.

माल तिकडे पकडला गेला, हे भामाला आधी प्राचीकडून कळलं. जेवताना, सहज सांगावं तसं. बोटीवरून उतरल्यावर त्यांनी परत तपासला. औषध सापडलं. माल जप्त झाला, आणि त्या लोकांचा कागद तीन वर्षांसाठी रद्द.

"कुनाचा कागुद? गोदामाचा?"

"नाही. शेतकऱ्यांचा. औषध शेतातच मारलं असणार, असं धरतात ते. आपल्याकडचं रेकॉर्ड क्लीन आहे."

भामाच्या हातातला घास ताटात परत गेला. प्राची उठून हात धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता.

"खा," तुळशीराम म्हणाला. "आपून काय करनार व्हतू?"

"मी ताडपत्री वडली व्हती," भामा म्हणाली.

"मंग? वडलीस ना?"

भामाने ताट बाजूला सारलं.

*

आश्विनात, दसरा होऊन आठवडा झाला असेल, सुकरा परत आला. भामा शेडच्या ओट्यावर फाटक्या गोणी शिवत होती. फाटकातून तो आत आला तेव्हा तिने ओळखलंच नाही. अंगाने निम्मा झाला होता. काखेत कापडी पिशवी, तिच्यावर हात दाबून धरलेला. तोही तिच्याकडे न बघता सरळ ऑफिसकडे गेला. दारात चपला काढल्या.

भामाने सुई गोणीत खोचली आणि उठली. पाणी द्यावं, एवढंच तेव्हा तिच्या मनात होतं. पिंपातून पेला भरून ती दारापर्यंत गेली.

आत उदयसिंह खुर्चीवर होता, प्राची बाजूच्या टेबलावर कॉम्प्युटरमागे. सुकरा उभाच होता. पिशवीतून त्याने प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. त्यावर निळे अंगठे होते, ओळींमागून ओळी.

"तुमने फोन पे बोला था लिख के लाओ," तो म्हणाला. "लाया."

उदयसिंहने कागद हातात न घेता टेबलावर ठेवायची खूण केली. "क्या लिखा है?"

सुकराने घसा साफ केला. पाठ केल्यासारखं सांगितलं. चूक आमच्या गावाची. दवा आमच्यातल्या एकाने मारली. त्याला काढून टाकला. गोदामाची काही चूक नाही. गोदामाचं नाव खराब झालं म्हणून माफी. या वर्षी आमचा माल ठेवून घ्यावा, साधा म्हणून तरी.

"कोण निघाला शेवटी?" उदयसिंहने विचारलं. आवाज अगदी मऊ होता.

"बुदरा. मेरी औरत का भाई." सुकरा कागदाकडे बघत होता. "उसके घर में बोतल मिला. वो बोला बैंगन का है, पुराना है, कभी खोला नहीं. बोतल भरा हुआ था. लेकिन किसी का तो होगा ना साब. तिरपन घर में किसी का तो होगा. सब ने बोला इसी का. हमने भी बोला."

भामाने पेला दारातच खाली ठेवला.

"त्याचा नाय," ती म्हणाली.

तिघांनीही मान वळवली.

"दवा हितं मारली. याच शेरान. हरभऱ्याला टोके लागले व्हते तवा." मग तिला आठवलं की सुकराला मराठी येत नाही. "इदर मारा. हमारे सामने. ताडपत्री पुरा नय था. हम वडला, पुरा नय हुआ."

सुकरा तिच्याकडे बघत राहिला. आता त्याने तिला ओळखलं.

उदयसिंह चिडला नाही. त्याने कपाटातून एक फाइल काढली, पानं उलटली आणि टेबलावर तिच्या बाजूला फिरवून ठेवली. "भामाबाई, ही सही कोणाची?"

अक्षरं तिचीच होती. वाकडी, जपून जोडलेली.

"माजी."

"इथे लिहिलंय, फवारणी झाली नाही. मग खोटं तेव्हा बोललात की आता बोलताय?"

"तवा."

"का?"

भामाने प्राचीकडे पाहिलं नाही. पण न बघण्यासाठी तिला जी मान ताठ धरावी लागली, ती सगळ्यांनाच दिसली असणार.

"प्राची," उदयसिंह म्हणाला, "त्या महिन्यात शेड एकला फवारणी झाली होती का?"

कीबोर्डचा आवाज केव्हाच थांबला होता. प्राचीचा चेहरा कॉम्प्युटरच्या उजेडात निळसर दिसत होता.

"रजिस्टरमध्ये नाही," ती म्हणाली.

"बस." उदयसिंहने फाइल मिटली. मग सुकराकडे वळून हिंदीत म्हणाला, तुमचा कागद तुम्ही घेऊन जाऊ शकता. काही जबरदस्ती नाही. मग या वर्षीचा माल दुसरीकडे बघा.

सुकराने कागद उचलला. प्लास्टिक सरळ केलं. डोंगरात त्या वेळी फळं लाल व्हायला लागली असतील, पुढच्या महिन्यात तोडणी. सेंद्रियचा कागद गेलेल्या त्रेपन्न घरांचा माल कुठल्या गोदामात घेतील, हे त्याला भामापेक्षा चांगलं माहीत होतं. अंगठ्यांच्या त्या ओळींवरून त्याने एकदा हात फिरवला आणि कागद परत टेबलावर ठेवला.

"रखिये साब," तो म्हणाला. वाकून त्याने टेबलाच्या कडेला हात लावला आणि तो कपाळाला लावला.

"भामाबाई, तुम्ही उद्यापासून येऊ नका," उदयसिंह म्हणाला. तेही मऊच.

*

ती त्याच्या मागे धावली. तो फाटकाबाहेर, ट्रेलरांच्या रांगेच्या कडेने पनवेलच्या बसच्या थांब्याकडे चालला होता. पाय झपाझप टाकत होता. तिने त्याला थांब्यावर गाठलं तेव्हा तिला दम लागला होता.

"सुकरा. ओ सुकरा. बुदराला बोलव परत. गावाला सांग. मी येते पायजे तर, सगल्यांना सांगते."

तो तिच्याकडे वळला. तिला वाटलं, आता शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"किधर बुलायेगा?" तो म्हणाला. "भट्टी पे गया. ईंटा भट्टी. बीबी, दो बच्चा, सब. आंध्रा में कोई बोला, कोई बोला तेलंगाना. ठेकेदार ले गया. फोन नहीं है उसका."

एवढं बोलून त्याने खिशातून छोटा फोन काढला, बटणं दाबली, कानाला लावला. पलीकडे कुणीतरी बोललं. तो आपल्या भाषेत दोन वाक्यं बोलला आणि फोन भामापुढे धरला.

"मेरी औरत. बुदरा का बहन. बोलो."

"तिला हिंदी येतं?"

"नहीं. तुम बोलो. तुम्हारे मुंह से बोलो."

भामाने फोन दोन्ही हातांनी धरला. शेजारून कंटेनर धडधडत गेला, तो जाईपर्यंत ती थांबली. मग बोलली. कुठल्या भाषेत बोलावं ते सुचेना, म्हणून आपल्याच. "बाय, तुजे भावानं काय केलं नाय. दवा हितं मारली. मना म्हाईत व्हतं. मना विचारलं तवा मी नाय म्हनले. माजी पोर समोर व्हती म्हनून नाय म्हनले. तुजा भाऊस खरा बोलत व्हता." पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता, आणि दूर कोंबडं. तिने तेच परत एकदा सांगितलं, सावकाश, जणू सावकाश सांगितलं की कळतं.

सुकराने फोन घेतला आणि आपल्या भाषेत सांगितलं. त्याला फार वेळ लागला नाही. मग पलीकडून ती बाई काहीतरी बोलली, थोडंसंच.

"काय म्हनली?" भामाने विचारलं.

"पूछती है," तो म्हणाला, "ये बात अभी किसको बोलना है."

बस आली. तो चढला. खिडकीशी जागा होती, पण तो पलीकडच्या अंगाला जाऊन बसला.

भामा घराच्या दिशेने चालायला लागली. डबा गोदामातच राहिला होता, चपला ओट्याखाली. डांबर तापलेलं होतं. कोस-दीड कोस चालून झालं असेल, मागून स्कुटीचा आवाज आला आणि तिच्या बाजूने हळू झाला. प्राची होती. डोळे सुजलेले. पुढच्या हुकाला आईचा डबा अडकवलेला, पायाशी चपला.

"आई, बस."

भामा चालत राहिली. स्कुटी तिच्या पावलांच्या वेगाने शेजारून येत राहिली.

"मी नाही म्हटलं नाही, आई. रजिस्टरमध्ये नाही, एवढंच म्हटलं."

"व्हय," भामा म्हणाली. "तू बरोबर बोललीस."

"मग बस ना. पाय भाजतील."

पाय भाजतच होते. भामा थांबली, चपला घेतल्या, घातल्या, आणि मागे बसली. प्राचीने नेहमीसारखा तिचा हात कमरेला यायची वाट पाहिली. मग हात येत नाही असं बघून तिने स्कुटी सुरू केली. भामाने मागच्या लोखंडी दांडीला दोन्ही हातांनी धरलं होतं.